जात, जाती, प्रजाती: उत्क्रांती आणि वर्गीकरणाचे शब्द, नागपूरच्या मातीतून

हिवाळ्यात तलावांवर पाहुणे पक्षी उतरले की वर्तमानपत्रात बातमी येते: अमुक ठिकाणी पक्ष्यांच्या इतक्या ‘प्रजाती’ दिसल्या. दहावीचा विद्यार्थी ती वाचतो आणि अडखळतो, कारण त्याच्या पुस्तकात प्रजाती म्हणजे काही वेगळेच आहे. चूक विद्यार्थ्याची नाही. बातमीत ‘जाती’ हा शब्द हवा होता.

मराठी शास्त्रीय परिभाषेत वर्गीकरणाची सर्वात खालची पायरी ‘जाती’ आणि तिच्या लगेच वरची ‘प्रजाती’. हिंदीत त्या वरच्या पायरीला ‘वंश’ म्हणतात आणि ‘प्रजाति’ हा शब्द सर्रास खालच्या पायरीसाठी वापरतात. नागपुरात दोन्ही भाषा एकाच घरात, एकाच वर्गात बोलल्या जातात, म्हणून हा शब्द इकडून तिकडे सहज सरकतो. परीक्षेत त्याने एक गुण जातो, पण खरे नुकसान पुढे होते. प्रजाती आणि जाती एकच धरल्या की वाघ आणि बिबट यांचे नाते कधीच कळत नाही.

वाघ घेऊनच पायऱ्या उतरू. सृष्टी: प्राणी. संघ: समपृष्ठरज्जू. वर्ग: सस्तन, म्हणजे पिलांना दूध पाजणारे. गण: मांसभक्षी. कुल: मार्जार. प्रजाती: पँथेरा. जाती: पँथेरा टायग्रिस. ताडोबातला बिबट याच पँथेरा प्रजातीतला, फक्त जाती वेगळी, पँथेरा पार्डस. घरातली मांजर आणि शेतातली रानमांजर फेलिस या वेगळ्या प्रजातीतल्या, म्हणजे वाघाशी त्यांचे नाते कुलाच्या पायरीवर जुळते. पेंचचा रानकुत्रा आणखी दूरचा, तो वाघाला थेट गणाच्या पायरीवर भेटतो. कोल्हा मात्र गावातल्या कुत्र्याच्याच, कॅनिस प्रजातीतला. वनस्पतींसाठी ‘संघ’ऐवजी ‘विभाग’ म्हणतात, बाकी पायऱ्या त्याच.

दिसण्यावर विसंबले की काय होते, हे तरस दाखवतो. आपल्याकडचा हा तडस कुत्र्यासारखा दिसतो, कुत्र्यासारखा धावतो, पण मांसभक्षी गणाच्या दोन मोठ्या फांद्यांपैकी तो मांजरांच्या फांदीवर आहे आणि मुंगूस त्याच्या जवळच्या नातलगांत मोडते. चितळ आणि काळवीट यांनाही आपण दोघांना ‘हरीण’ म्हणतो. पण चितळाच्या नराची शिंगे भरीव हाडाची असतात, त्यांना फाटे फुटतात आणि ती ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवतात. काळविटाच्या शिंगात आत हाडाचा गाभा आणि वर नखासारख्या पदार्थाचे कवच असते, फाटा नसतो आणि ते जन्मभर राहते. गाय, म्हैस, शेळी यांची शिंगे अशीच. म्हणून काळवीट आणि आपल्या भागातली रोही, म्हणजे नीलगाय, हे गायी-म्हशींच्या कुलातले; चितळ आणि सांबर वेगळ्या कुलातले.

गोठ्यातली जात आणि पुस्तकातली जाती

शेतकरी म्हणतो, ‘गवळाऊ जातीची गाय’, ‘नागपुरी जातीची म्हैस’. बोलण्यात हे बरोबर आहे. पण इथे ‘जात’ म्हणजे माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून जोपासलेला प्रकार. गवळाऊ असो की गीर, जीवशास्त्राच्या हिशेबात दोन्ही एकाच जातीतल्या गायी, कारण त्यांचा संकर होतो आणि होणारे वासरू पुढे पिढी चालवू शकते. पिकांत अशा प्रकाराला ‘वाण’ म्हणतात.

जातीची नेहमीची व्याख्या हीच: ज्यांच्यात निसर्गतः प्रजनन होते आणि ज्यांची संततीही प्रजननक्षम असते, ते सारे एका जातीचे. घोडा आणि गाढव यांची संतती खेचर. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे, गाढवाच्या पेशीत ६२, खेचरात ६३. या विषम संख्येच्या गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचर जवळजवळ नेहमीच वांझ असते. गाय आणि म्हैस यांचे तर तेवढेही जमत नाही; गायीची गुणसूत्रे ६०, आपल्या म्हशीची ५०, आणि दोघींच्या प्रजातीही वेगळ्या.

समाजातल्या ‘जाती’चा या व्याख्येशी काडीचाही संबंध नाही, हे वर्गात स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. पृथ्वीवरचा आजचा प्रत्येक माणूस होमो सेपियन्स या एकाच जातीचा आहे. परिभाषेतला शब्द रोजच्या भाषेतून आला म्हणून त्याबरोबर जुना अर्थ आत शिरता कामा नये.

व्याख्या सगळीकडे लागू पडते असे मात्र नाही. जिवाणू नर-मादीने प्रजनन करतच नाहीत, त्यांच्या जाती जनुकांच्या साम्यावरून ठरवाव्या लागतात. आणि ही व्याख्या जिथे सर्वात जास्त चुरगळते, ती जागा नागपूरला अगदी जवळची आहे: संत्र्याची बाग.

संत्रा, मोसंबी, लिंबू आणि कढीपत्ता

लिंबूवर्गीय झाडांची सिट्रस ही प्रजाती. तिच्यातल्या वेगवेगळ्या जातींचा संकर सहज होतो आणि संततीही फळते. जनुकांच्या तपासणीतून जे चित्र उभे राहिले ते असे. पपनस, महाळुंग आणि संत्र्याचा मूळ गट, म्हणजे मँडरिन, या जुन्या मूळ शाखा. मोसंबी ही पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून आली. बागेत खुंट म्हणून, म्हणजे कलमाचा मुळांकडचा खालचा भाग म्हणून, वापरतात ती जंबेरी म्हणजे मँडरिन आणि महाळुंग यांचा संकर. कागदी लिंबातही महाळुंगाचा वाटा आहे. त्यामुळे सिट्रसच्या जाती नेमक्या किती, यावर जाणकारांतही एकमत नाही. शाखा फुटून पुन्हा एकमेकींत मिसळल्या की असे होणारच.

इथे एक गैरसमज दूर करू. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला म्हणजे संकर झाला असे नाही. संकरात परागकण आणि बीजांड यांचे मीलन होऊन दोघांची जनुके एका पेशीत येतात. कलमात दोन झाडांची फक्त जोडणी होते. खाली जंबेरीची जनुके राहतात, वर संत्र्याची. फळ संत्र्याचेच येते. जोडाच्या खालून फुटलेला फुटवा काढायचा राहिला, तर त्यावर आंबट जंबेरी लागते, कारण तो फुटवा जंबेरीचाच असतो.

आता एक प्रयोग, खर्च शून्य. संत्र्याचे एक पान, बेलाचे एक, कवठाचे एक, कढीपत्त्याचे एक आणि कडुनिंबाचे एक पान घ्या. प्रत्येक पान उन्हाकडे धरून खालून पाहा, जमल्यास भिंगाने. पहिल्या चारांत सुईने टोचल्यासारखे प्रकाश आरपार जाणारे बारीक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळल्यावर येणारा वास त्यांचाच. कडुनिंबाच्या पानात तसे ठिपके नाहीत. पान कोवळे आणि ताजे हवे. जून, जाड पानात ठिपके अंधुक दिसतात आणि मग प्रयोग फसला असे वाटते.

आपल्याकडे कढीपत्त्याला गोडनिंब म्हणतात. नावावरून तो कडुनिंबाचा भाऊ वाटतो, पण ठिपके सांगतात की तो संत्र्याच्या रुटेसी कुलातला आहे. कडुनिंब मेलिएसी कुलातला. गंमत अशी की एक पायरी वर, गणाच्या पातळीवर, ही दोन्ही कुले एकत्र येतात. त्याच गणात आंबा, चारोळी आणि बिबाही आहेत. म्हणजे लोकभाषेतले नाव अगदीच वाऱ्यावरचे नव्हते, पण नाते जेवढे जवळचे वाटले तेवढे नव्हते.

नावांचा हा घोळ मिटवण्यासाठीच स्वीडनच्या कार्ल लिनियसने दोन शब्दांचे नाव रूढ केले. वनस्पतींची शास्त्रीय नावे त्याच्या १७५३ च्या ग्रंथापासून आणि प्राण्यांची १७५८ च्या ग्रंथापासून अधिकृत धरली जातात. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. दुसरा शब्द एकटा कधीच वापरत नाहीत. नुसते ‘इंडिका’ म्हटले तर कळणार काय? मँजिफेरा इंडिका म्हणजे आंबा, टॅमरिंडस इंडिका म्हणजे चिंच, अझाडिरॅक्टा इंडिका म्हणजे कडुनिंब. रोमन लिपीत लिहिताना प्रजातीचे पहिले अक्षर मोठे, जातीचे लहान. छपाईत तिरका ठसा वापरतात, हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ ओढतात. विद्यार्थी एकच लांब रेघ ओढतात आणि तिथे गुण जातो.

लिनियसने गट पाडले ते मुख्यतः दिसणाऱ्या लक्षणांवरून. फुलात पुंकेसर किती, दातांची रचना कशी, असे. गटात गट का बसत जातात, याचे कारण त्याच्याजवळ नव्हते. ते कारण म्हणजे समान पूर्वज. एका कुलातल्या जाती सारख्या दिसतात, कारण त्या खरोखरच एका घराण्याच्या आहेत. आज वर्गीकरण करताना ‘कोण कोणासारखे दिसते’ यापेक्षा ‘कोणाची फांदी कोणापासून फुटली’ हे पाहतात, आणि त्यासाठी जनुके वाचतात.

‘अळीला सवय झाली’

‘उत्क्रांती’ या शब्दातच एक फसगत आहे. ‘उत्’ म्हणजे वर. त्यामुळे जीव खालून वर, साध्याकडून श्रेष्ठाकडे चढत गेले असे चित्र डोळ्यांपुढे येते: आधी मासा, मग बेडूक, मग माकड, आणि शेवटच्या पायरीवर माणूस. खरे चित्र शिडीचे नाही, झाडाचे आहे. माणूस आजच्या चिंपांझीपासून झाला नाही. दोघांचा पूर्वज एक होता, आणि साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी दोन फांद्या वेगळ्या झाल्या. चिंपांझीची फांदीही तेवढीच वर्षे बदलत आली आहे. ‘मग माकडे अजून का आहेत?’ हा प्रश्न शिडीच्या चित्रातून येतो. चुलतभाऊ अजून का आहे, असे कोणी विचारत नाही.

उत्क्रांती म्हणजे एका समूहातल्या आनुवंशिक गुणांचे प्रमाण पिढ्यांगणिक बदलणे. हे प्रत्यक्ष घडताना पाहायचे असेल तर विदर्भातले कपाशीचे शेत पुरेसे आहे.

बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जिवाणूचे एक जनुक कपाशीत घातले. त्यामुळे पानाबोंडांत एक प्रथिन तयार होते, ते अळीच्या आतड्याच्या पेशींना चिकटते, आतडे फुटते आणि अळी मरते. २००६ मध्ये दोन प्रथिने असलेले बियाणे आले. तरीही २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. गावात म्हणतात, ‘अळीला सवय झाली.’ सवय झाली असती, तर तीच अळी थोडे थोडे विष खाऊन निर्ढावली असती. तसे घडलेच नाही. ज्या अळ्यांना विष बाधले त्या मेल्या. ज्यांच्या आतड्यात विष चिकटण्याची जागाच उत्परिवर्तनामुळे, म्हणजे जनुकात आपोआप झालेल्या बदलामुळे, बदललेली होती, त्या वाचल्या, पतंग झाल्या आणि अंडी घालून गेल्या. हे उत्परिवर्तन विषामुळे जन्मले नाही. विषाने फक्त बाकीच्यांना वगळले. याला नैसर्गिक निवड म्हणतात.

हिशेब मांडून पाहू. समजा, अळ्यांच्या समूहात हे बदललेले जनुक हजारात एक आहे. प्रत्येक अळीला जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही प्रती बदललेल्या असण्याची शक्यता हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. एकच प्रत बदललेली असलेल्या अळ्या हजारात सुमारे दोन. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे विष भरपूर असेल तर एका प्रतीने अळी वाचत नाही, दोन्ही लागतात.

म्हणूनच बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळत असे, शेताच्या कडेने ओळी लावायला. त्या ओळींवर साध्या अळ्या जगतात आणि त्यांचे भरपूर पतंग तयार होतात. बीटीच्या झाडावर वाचलेल्या एखाद्या प्रतिकारक्षम पतंगाला जोडीदार बहुधा यांच्यातूनच मिळतो. त्यांच्या पिलांत बदललेली एकच प्रत येते, आणि ती पिले बीटीवर मरतात. ही पुडी अनेकांनी बांधावर टाकून दिली किंवा पेरलीच नाही. अळ्यांना मुद्दाम जेवू घालायचे, ही गोष्ट कष्ट करणाऱ्या माणसाला पटणे अवघडच होते, आणि तिचे कारण पुरेसे समजावून सांगितले गेले नाही. साधे पतंग उरले नाहीत, वाचलेले वाचलेल्यांशी जुळले, आणि त्यांच्या पिलांत दोन्ही प्रती बदललेल्या आल्या. अळीची एक पिढी साधारण महिनाभराची, त्यामुळे प्रमाण झपाट्याने वाढले.

फरदडीने भर घातली. वेचणी संपल्यावर पाणी देऊन कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत राखली की अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाद्य मिळते. शिवाय झाड जुने झाले की त्यातले विष कमी होते आणि एकच प्रत असलेल्या अळ्याही तगतात.

मग हिरव्या बोंडअळीचे तसे का झाले नाही? ती तूर, हरभरा, टोमॅटो असे बरेच काही खाते. तिच्यासाठी बिगर-बीटी ओळी आपोआप शिवारभर पसरलेल्या असतात. गुलाबी बोंडअळी जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते. निवडीचा दाब दोघींवर सारखा नव्हता, म्हणून परिणामही सारखा झाला नाही.

शेतात याचा अर्थ असा: पीक डिसेंबरअखेर संपवायचे, पऱ्हाटी शेतात उभी ठेवायची नाही, नर पतंगांना मादीच्या गंधाने ओढणारे कामगंध सापळे हेक्टरी ५ लावायचे. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले, किंवा डोमकळ्यांचे, म्हणजे अळी आत असल्याने न उमललेल्या फुलांचे, प्रमाण १० टक्क्यांवर गेले, तर फवारणीची वेळ आली. आणि एकच कीटकनाशक पुन्हा पुन्हा फवारले, तर वरचाच हिशेब त्या औषधालाही लागू होतो. डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय प्रतिजैविके घेतल्याने जिवाणूंच्या बाबतीत जे होते, तेही हेच.

‘अनुकूलन’ हा शब्दही असाच जपून वापरावा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी नागपूरकर कामाला जातो. त्याचे शरीर काही आठवड्यांत उन्हाला सरावते, घाम लवकर सुटू लागतो. पण हा सराव त्याच्या मुलाला वारशाने मिळत नाही. जीवशास्त्रातले अनुकूलन म्हणजे निवडीतून पिढ्यांगणिक समूहात रुजलेला आनुवंशिक गुण. मिळवलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात, ही लामार्कची १८०९ ची कल्पना होती. निवडीची कल्पना डार्विन आणि वॉलेस यांनी १८५८ मध्ये मांडली.

निवडीला काम करायला आधी वेगळेपणा हवा, आणि इथे पुन्हा संत्रा आठवतो. बागेतले प्रत्येक नागपुरी झाड डोळा बांधून केलेले, म्हणजे वरचा भाग जनुकांच्या दृष्टीने एकमेकाची नक्कलच. खुंटाचीही तीच गोष्ट: जंबेरीच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन रोपे निघतात, त्यांतली बहुतेक बीच्या आवरणाजवळच्या, आईच्याच पेशींपासून वाढलेली असतात आणि हुबेहूब आईसारखी असतात. परागीकरणातून आलेले रोप वेगळ्या चणीचे दिसते. रोपवाटिकेत ते उपटून टाकतात. बाग एकसारखी येते, फळ एका वेळी येते, हा फायदा. पण डिंक्या रोग एका झाडाला भारी पडला की शेजारच्या झाडाजवळही त्याला अडवणारे वेगळे काही नसते. म्हणून माणसाला काळजी घ्यावी लागते: जोड जमिनीपासून साधारण २५ सेंटिमीटर वर ठेवायचा, तो मातीत गाडू द्यायचा नाही, पाणी खोडाला टेकू द्यायचे नाही.

पायाखालचे पुरावे

उत्क्रांतीचे शरीरातले पुरावे शाळेत शिकवतात: आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढ ही अवशेषांगे, माणसाचा हात, वाघाचा पुढचा पाय आणि वटवाघळाचा पंख यांत हाडांची मांडणी तीच. खडकांतले पुरावे मात्र नागपूरकराला चालत जाऊन पाहण्याइतके जवळ आहेत.

सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसॉल्टची, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. लाव्ह्याचे दोन थर साचण्याच्या मधल्या काळात इथे तळी होती. त्या गाळाच्या थरात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख दगड होऊन राहिले. नागपूरजवळच्या टाकळीचे असे जीवाश्म स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गोळा केले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. तिच्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते, हा समज तेव्हा मोडला.

कामठीचा वालुकाश्म याहून कितीतरी जुना, साधारण २५ कोटी वर्षांचा. त्यात ग्लोसोप्टेरिस या लोप पावलेल्या झाडाच्या जिभेसारख्या पानांचे ठसे आहेत. तीच पाने दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही सापडतात. त्या झाडाच्या बिया समुद्र ओलांडून गेल्या नाहीत. तेव्हा हे सारे भूभाग गोंडवन नावाच्या एकाच खंडात जोडलेले होते.

या वयांबद्दल नेहमी एक चूक होते: ‘कार्बन डेटिंगने वय काढले’ असे लिहिले जाते. कार्बन-१४ चे प्रमाण ५,७३० वर्षांत निम्मे होते. सुमारे ५० हजार वर्षांनंतर मोजण्याजोगे काही उरत नाही. टाकळीच्या शंखात किंवा कामठीच्या पानात कार्बन-१४ कधीच संपला. लाव्ह्याचे वय काढतात ते त्यातल्या पोटॅशियम-४० चा ऱ्हास होऊन तयार झालेल्या आरगॉन वायूवरून. पोटॅशियम-४० निम्मे व्हायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. शंखाचे वय थेट निघत नाही; त्याच्या खालच्या आणि वरच्या लाव्ह्याची वये काढली, की शंख त्या दोहोंच्या मधला.